हरकतीसाठी चौदा दिवस

रक्त साखरेसाठी काढायचंय, असं मीच सांगितलं. लेकीवर ढकलणार नाही. ती बिचारी आतल्या दारात उभी राहून ओठ चावत होती. प्रयोगशाळेतून आलेली मुलगी आमच्या पुढच्या खोलीत, विणायला आलेल्या, उलट्या टांगलेल्या खुर्च्यांखाली, सुई आणि दोन बारक्या नळ्या मांडून बसली होती.

"साखर? मला?" आमचे हे म्हणाले. "मी चहासुद्धा बिनसाखरेचा पितो."

"म्हणून तर तपासायची. तुमच्यासारख्यांनाच गुपचूप होते," मी ठोकून दिलं.

ते हसले आणि त्यांनी हात पुढे केला. रक्त काढून झाल्यावर त्या मुलीने सहीसाठी कागद दिला. सही कुठे करायची ते मी त्यांचं बोट धरून दाखवलं. "काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. "नाव, पत्ता, वय. नेहमीचंच," मी म्हटलं. कागद चांगला दोन पानी होता.

आमच्या घरात कागदाच्या बाबतीत असलं चालत नाही, म्हणून हे सांगतेय. घरात कागद आला, मग तो विजेच्या खात्याचा असो नाहीतर लग्नाच्या आमंत्रणाचा, ज्याच्या हाती पडेल त्याने तो मोठ्याने वाचायचा. वरपासून खालपर्यंत, एक शब्दही न गाळता. छापखान्याचं नावसुद्धा सोडायचं नाही. ही रीत यांनीच घातली आणि तिला कारण आहे. विशीत असताना डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी यांना तपासून चिठ्ठी दिली होती. डोळ्यांत औषध घातलेलं, अक्षर लागेना, म्हणून थोरल्या भावाने वाचून दाखवली. रात्रीचं कमी दिसेल, जपून राहा, वगैरे. शेवटची ओळ भावाने गाळली. नजर पूर्ण जाणार, असं त्या ओळीत होतं. भावाने मायेपोटीच गाळली, वाईट हेतूने नाही. पण हे त्यानंतर वर्षभर घड्याळं दुरुस्त करायला शिकत राहिले. एक अख्खं वर्ष! दुसऱ्या डॉक्टरांनी खरं सांगितलं तेव्हा कुठे घड्याळं सोडून वेताच्या खुर्च्या विणायला लागले, कारण ते काम बोटांवर चालतं. भावाशी भांडले नाहीत. पण माया म्हणून कुणी काही गाळलं की त्यांना अजून खपत नाही.

हे सगळं मला लग्नाआधी माहीत होतं. "हिने माझ्याशी डोळसपणे लग्न केलं," असं हे चारचौघांत सांगतात आणि स्वतःच हसतात. त्यांच्या मामालाही हाच रोग होता. मामाकडून भाच्याकडे आला, एवढंच आम्हाला कळत होतं. मुलगी झाली, तिला नीट दिसतंय हे कळलं आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. ती चार वर्षांची असताना यांचा उरलासुरला उजेडही गेला. सातव्या वर्षापासून ती घरातले सगळे कागद वाचायला लागली, म्हणून हे तिला 'टपाल' म्हणतात. छत्तीस वर्षांची झाली, नकाशे छापणाऱ्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर गेली, तरी हाक तीच. "ए टपाल, इकडे ये."

टपालला मूल होत नव्हतं. उपचार चालू होते, ते यांना माहीत होतं. रुग्णालय आमच्या घरापासून चार चौक दूर, म्हणून ती आणि जावई तेव्हा आमच्याकडेच राहायला आले होते. यांना माहीत नव्हतं ते एवढंच, की तयार झालेल्या भ्रूणांमधून निवड होणार होती. टपालला दिसत असलं तरी यांचा रोग तिच्या मुलांत उतरू शकत होता; तो ज्यांच्यात उतरलाय ते बाजूला काढायचे आणि बाकीचे वापरायचे. पण बाजूला काढायचं तर ओळखायचं कसं? त्यासाठी ज्याला रोग आहे त्या माणसाचं रक्त लागतं. ते समोर ठेवायचं, त्यातली खूण शोधायची आणि ती भ्रूणात आहे का ते बघायचं.

"आई, मी बाबांना कसं सांगू?" टपाल म्हणाली होती. "तुमचं रक्त द्या, म्हणजे तुमच्यासारखे ओळखून टाकून देता येतील, असं सांगू?"

"तू काहीच सांगू नकोस. मी बघते," मी म्हटलं. बघते म्हणजे काय, तर साखर.

साखरेचा अहवाल यायचाय, असं मी यांना सांगत राहिले. पुढे अडीच महिन्यांनी पत्र आलं. शनिवार होता, सुट्टीचा. टपाल न्हाणीघरात होती, मी एका डुलत्या खुर्चीच्या पायाला पॉलिश करत होते, आणि जावई चहा घेत यांच्याशी गप्पा मारत होते. जावई लिफ्ट तपासण्याचं काम करतात. दोरखंडाची जाडी, दाराची फट, सगळं बघून मग सही. त्यामुळे आमच्या घरची रीत त्यांच्या इतकी अंगवळणी पडली की काही विचारू नका. पहिल्या भेटीत त्यांनी यांना बिस्किटाचा पुडा मागेपुढे वाचून दाखवला होता. त्या दिवशी आलेल्या पाकिटावर यांचं नाव होतं. साखरेचं सोंग फक्त आम्हा दोघी मायलेकींत होतं. बाबांना विचारूनच रक्त घेतलंय, अशी जावयांची समजूत, कारण टपालने त्यांनाही तसंच सांगितलं होतं.

"बाबा, तुमचं पत्र आहे. प्रयोगशाळेकडून," जावई म्हणाले आणि त्यांनी पाकीट फाडलं.

मी हातातला बोळा टाकून उठले. पण काय म्हणून थांबवणार? आमच्या घरात 'वाचू नका' म्हणायची सोयच कुणाला नव्हती.

"आपण दिलेल्या रक्ताच्या नमुन्याबद्दल आभार," जावयांनी सावकाश, स्पष्ट वाचायला सुरुवात केली. "आपल्या नमुन्यावरून आपल्यातील दोषाची खूण निश्चित करता आली. आपल्या मुलीच्या एकूण सहा भ्रूणांपैकी तीन भ्रूणांमध्ये ही खूण आढळली. सदर तीन भ्रूण वापरण्यास अयोग्य असून ते नष्ट करण्यात येतील. आपला नमुना या कामी वापरण्यास आपली हरकत असल्यास चौदा दिवसांच्या आत आपल्या सहीनिशी लेखी कळवावे. हरकत आल्यास या नमुन्यावरून काढलेले सर्व निष्कर्ष रद्द होतील." मग त्यांनी खालचा पत्ता वाचला, फोन नंबर वाचला, आणि छापखान्याचं नावही वाचलं.

टपाल ओले केस घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"जावईबापू," हे म्हणाले, "अयोग्यच्या आधीचं वाक्य पुन्हा वाचा."

जावयांनी वाचलं. तोवर आमची तोंडं बघून त्यांनाही काहीतरी कळलं असावं, कारण या वेळी त्यांचा आवाज खाली आला.

"म्हणजे माझी साखर ठीक आहे," हे म्हणाले. उठले, भिंतीला हात लावत पुढच्या खोलीत गेले आणि एका हॉटेलाची खुर्ची विणायला घेतली. टपाल मागे गेली, त्यांच्याजवळ जमिनीवर बसली, खूप काही बोलली. ते ऐकत होते आणि वेत भोकातून ओढत होते. शेवटी म्हणाले, "तू सांगितलं असतंस तर मी दिलं असतं का, ते मला ठाऊक नाही. पण तू विचारायला हवं होतंस." माझ्याशी तर ते बोललेच नाहीत.

आता मामला असा होता. यांनी हरकत घेतली की सहाही भ्रूण पुन्हा अनोळखी. कोणात खूण आहे, कोणात नाही, कुणाला कळणार नाही. आणि न कळता टपाल एकही वापरणार नव्हती. पुढच्या खेपेला भ्रूण मिळतील याची खात्री डॉक्टर देत नव्हते. या खेपेचेच नशिबाने मिळाले म्हणत होते. म्हणजे यांच्या एका सहीवर लेकीचं मूल अडलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी टपाल आणि जावई कामावर गेल्यावर यांनी मला हाक मारली. "कागद घे. लिही."

मी कागद घेतला. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगते. लिहायचं काहीतरी भलतंच आणि वाचून दाखवायचं ते सांगतील तसं. कोण बघणार होतं? एकदा खोटं बोललेल्या माणसाला दुसऱ्यांदा काही जड जात नाही.

"माझं रक्त मला न सांगता घेतलं आहे," ते सांगायला लागले. "ते वापरायला माझी हरकत आहे. मी गेली चाळीस वर्षं खुर्च्या विणतो. मी घर चालवलं, मुलगी वाढवली. मला दिसत नाही. मी अयोग्य नाही." थोडं थांबले. "वाच."

मी वाचलं. जसं सांगितलं तसंच लिहिलं होतं मी. माझ्याने दुसरं लिहवलं नाही. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण ते खरं होतं. या माणसाइतका योग्य माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही.

"पट्टी दे. तिच्या कडेने सही करतो."

मी पट्टी दिली नाही. म्हटलं, "त्याआधी माझं ऐका. मग करा सही."

आणि मी सांगितलं. बत्तीस वर्षं पोटात ठेवलेलं सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. टपाल चार वर्षांची होती तेव्हा मला पुन्हा दिवस गेले होते. ते वर्ष यांचं सगळ्यात वाईट. उरलीसुरली नजर त्याच वर्षी गेली. दारं, कपाटं, सगळ्यावर डोकं आपटायचं. कामं हातची जात होती. जेवताना हातातला घास तसाच धरून बसायचे. मी कुणालाही विचारलं नाही. बहिणीची मुलगी आजारी आहे असं सांगून चार दिवस तिच्याकडे गेले आणि पोट रिकामं करून आले. दुसरं मूल बापासारखं निघालं तर दोघांना कसं सांभाळू, एवढंच डोक्यात होतं. पहिली सुटली, दुसरं सुटणार नाही असं मी स्वतःशी धरूनच चालले होते.

"आणि आता ऐका," मी म्हटलं. "टपालबरोबर मी त्या सल्ला देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते ना, त्यांनी कागदावर बायकांचे गोल आणि पुरुषांचे चौकोन काढून समजावलं. हा रोग बापाकडून मुलाकडे जातच नाही. कधीच नाही. मुलीकडे जातो, पण तिची नजर सहसा शाबूत राहते, ती फक्त पुढे नेते. म्हणजे माझ्या पोटात मुलगा होता की मुलगी, काही फरक पडत नव्हता. जे होतं त्याला दिसणार होतं. मी त्या बाईंच्या समोर बसून मान डोलवत होते, आणि आतून मला ओरडावंसं वाटत होतं."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी कपाट चढवत होतं, त्याची आरडाओरड ऐकू येत होती.

"कितवा महिना होता?" त्यांनी विचारलं.

"तिसरा."

"मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता म्हणून."

त्यांनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिले. "मी हो म्हणालो असतो," ते म्हणाले. "त्या वर्षी मीच मला नको होतो. आणखी एक माझ्यासारखा कशाला, असं मीच म्हणालो असतो. तुझ्याआधी म्हणालो असतो." मग त्यांचा हात माझा हात शोधायला लागला, तो सापडेपर्यंत मी हलले नाही. "विचारलं असतंस तर एकटीवर तरी आलं नसतं."

मी रडले. खोटं का बोलू, बत्तीस वर्षांचं रडले. एवढी वर्षं मी मनात यांना घाबरत होते आणि यांच्यावर जरा रुसूनही होते, की तुमच्या पायी मला हे करावं लागलं. आणि हा माणूस म्हणत होता की मी तुझ्याबरोबर आलो असतो.

पत्रावर सही झाली नाही. पण फाडलंही नाही त्यांनी. वेताच्या पट्ट्या ठेवायच्या खणात घडी करून ठेवलं. टपालला मी एवढंच सांगितलं, की बाबा विचार करतायत, त्यांच्या मागे लागू नकोस. माझं ते दुसरं तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

ते दिवस सरता सरेनात. टपाल कामावरून येऊन यांच्याजवळ बसायची, वर्तमानपत्र वाचून दाखवायची, अगदी हरवलेल्या कुत्र्यांच्या जाहिरातींसकट. दोघं त्या विषयाला हात लावत नव्हते. जावई तर इतके खजील झाले होते की चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवायचे. मी एकदा म्हटलंदेखील, "अहो, आदळा जरा, घर आहे हे."

बाराव्या दिवशी यांनी विषय काढला. टपाल भिजवलेला वेत पुसून त्यांच्या हाती देत होती.

"त्या तिघांत मुलगे किती?"

तिचा हात थांबला. "दोन, बाबा."

"आणि तिसरी मुलगी?"

"हो."

"तिला दिसलं असतं ना?"

"हो."

हे हातातला वेत बाजूला ठेवून तिच्याकडे वळले. "मला काढलंस, ते मला समजलं. अंधारात चाचपडताना तू मला लहानपणापासून बघितलंयस. तुझ्या मुलाचं ते होऊ नये असं तुला वाटतं, यात काही गैर नाही. मला लागलं, पण समजलं. पण ती मुलगी? तिला दिसणार. तिच्यात फक्त खूण. ती म्हणजे हुबेहूब तूच की गं. तू स्वतःला का काढलंस?"

टपालने हातातलं फडकं घट्ट पिळलं. मला वाटलं उठून जाईल.

"कारण ती मोठी झाली असती," ती म्हणाली. "तिला मूल हवं झालं असतं. मग तिला त्या खोलीत बसायला लागलं असतं, आणि समोरच्या यादीत कुठला ठेवायचा, कुठला नको, ते सांगायला लागलं असतं. मी सांगितलं ना, बाबा. त्या बाईंनी पेन माझ्या हातात दिलं. मी खुणा केल्या. मला तिला ते करायला लावायचं नव्हतं." आणि मग लहानपणी पडल्यावर यायचा तसा तिचा आवाज आला, "ती आली असती तर मी तिला काय सांगणार होते? की मी तुझ्या भावांना काढलं आणि आता तू तुझ्या मुलांचं बघ?"

यांनी तिला जवळ घेतलं नाही. आमच्यात तसं कुणी पटकन घेत नाही. फक्त म्हणाले, "पेन एकटीच्या हातात देतात होय," आणि पुन्हा वेत उचलला.

चौदाव्या दिवशी टपाल कामावर गेलीच नाही. खोलीत दार लावून बसली. जावई बाहेर येरझारा घालत होते. हरकतीचं पत्र टाकायचं तर पोस्ट पाच वाजता बंद होतं. जेवण झाल्यावर हे पुढच्या खोलीत जाऊन बसले, आणि मी समोर स्टुलावर बसले. दुपारभर त्यांनी काही विणलं नाही. एकदा त्यांचा हात पट्ट्यांच्या खणाकडे गेला. खण त्यांनी उघडला. पत्राच्या घडीवरून बोट फिरवलं. बोलायचा हक्क मला राहिला नव्हता. त्यांनी मागितली असती तर मी पट्टी आणि पेन दोन्ही आणून दिलं असतं, एवढं मी मनाशी ठरवून बसले होते.

त्यांनी खण लोटून बंद केला.

"किती वाजले?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"पाच वाजून दहा."

"टपालला सांग, माझी हरकत नाही."

मी जाऊन दाराबाहेरून सांगितलं. जावई भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी परत आले तेव्हा हे तसेच बसलेले होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, नजर गेली तेव्हाही नाही.

"तिघं गेली," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. "चार," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "चार."